स्वल्पविराम की अर्धविराम? वाचकांच्या याद्या आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात अर्ज कसा लिहायचा यावर लिहिलं होतं, त्यावर पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आले, आणि त्यातले बरेचसे प्रश्न शेवटी एकाच जागी येऊन थांबत होते, ते म्हणजे यादी. खेड्यात लिहायचं काम पडतं ते बहुतेक यादीचंच पडतं ना, खताची यादी, मांडवाच्या सामानाची यादी, कागदपत्रांची, सभेला कोण कोण हजर होतं त्याची. म्हणून यावेळी यादी आणि तिच्यातला अर्धविराम एवढंच घेतलंय. अर्धविराम म्हणजे वर टिंब आणि खाली स्वल्पविराम असलेलं ते चिन्ह (;), मोबाईलच्या कीबोर्डवर आकडे-चिन्हांच्या पानात सापडतं.

प्रश्न : दादा नमस्कार. मी आमच्या बचत गटाची सचिव आहे. पेरणीच्या आधी गटातल्या सगळ्या जणींचं बियाणं-खत एकाच खेपेत आणायचं ठरलं, म्हणून तालुक्याच्या कृषी केंद्रात चिठ्ठी पाठवली. त्यात असं लिहून होतं : सोयाबीन, जेएस ३३५, ४ बॅग, तूर, पीकेव्ही तारा, २ पाकीट, खत, डीएपी, २०:२०:०:१३, ३ बॅग. मला डीएपीची एकच बॅग पाहिजे होती आणि २०:२०:०:१३ च्या तीन. त्यांनी दोन्हीच्या तीन-तीन टाकून दिल्या गाडीत. आता दुकानदार म्हणते चिठ्ठीत असंच आहे. बायका माझ्यावर चिडल्या. यात अर्धविराम कुठे द्यायला पाहिजे होता?
— एक ताई, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, तुमची चिठ्ठी मी दोन-तीन जणांना वाचायला दिली आणि प्रत्येकानं खतापाशी वेगळा अर्थ लावला, कोणी म्हणालं दोन्ही मिळून तीन, कोणी म्हणालं दोन्हीच्या तीन-तीन. म्हणजे दुकानदारानं मुद्दाम काही केलं असं मला वाटत नाही, चिठ्ठीतूनच तसं निघतंय.

का निघतंय ते बघा. तुमच्या यादीत स्वल्पविरामाला दोन कामं पडली. एक, सोयाबीन संपून तूर सुरू झाली हे सांगायचं. दुसरं, सोयाबीनच्या आतमध्येच पीक, वाण आणि बॅगा वेगळ्या दाखवायच्या. ही दोन्ही कामं एकाच चिन्हानं केली की वाचणाऱ्याला कळत नाही की कुठला स्वल्पविराम आतला आणि कुठला बाहेरचा. वावराच्या भाषेत सांगायचं तर स्वल्पविराम म्हणजे तास (पेरणीची ओळ), अर्धविराम म्हणजे धुरा (वावराचा बांध) आणि पूर्णविराम म्हणजे शिव (गावाची हद्द). तुमच्या चिठ्ठीत तासं बरोबर पडली होती पण मधात धुरा कुठेच नव्हता. तीच यादी अशी लिहून बघा :

सोयाबीन, जेएस ३३५, ४ बॅग; तूर, पीकेव्ही तारा, २ पाकीट; खत, डीएपी, १ बॅग; खत, २०:२०:०:१३, ३ बॅग.

आता कोणीही वाचो, चार वस्तू आहेत, चार अर्धविरामांत नाही तर तीन अर्धविरामांत बसल्या आहेत कारण शेवटी पूर्णविराम येतो, आणि प्रत्येक वस्तूचा आकडा तिच्याच घरात आहे. नियम म्हणाल तर एवढाच आहे : यादीतल्या एखाद्याही वस्तूच्या आत स्वल्पविराम आला असेल तर वस्तू-वस्तूंच्या मधात अर्धविराम द्यायचा, आणि एकदा दिला की त्या यादीत सगळीकडे द्यायचा. अर्ध्या ठिकाणी स्वल्पविराम आणि अर्ध्या ठिकाणी अर्धविराम असं केलं तर आधीपेक्षा जास्त घोळ होतो.

पण ताई, एक गोष्ट अर्धविरामानं सुद्धा झाली नसती. डीएपीचा आकडा तुम्ही लिहिलाच नव्हता. अर्धविराम द्यायला घेतला असता तर ती जागा रिकामी दिसली असती हे खरं, कारण प्रत्येक तुकडा वेगळा पडला की त्यात काय राहिलं ते डोळ्याला दिसतं, पण आकडा शेवटी आपल्यालाच लिहावा लागतो. म्हणून क्रम ठरवून टाका, आधी पीक किंवा खत, मग वाण किंवा ग्रेड, मग नग, आणि चारही ठिकाणी तोच क्रम ठेवा. एका ठिकाणी ‘४ बॅग सोयाबीन’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘तूर २ पाकीट’ असं केलं की आकडा मागच्याचा की पुढच्याचा असा प्रश्न पडतोच पडतो.

जमलं तर बॅग किती किलोची तेही लिहा. युरियाची बॅग आता ४५ किलोची येते, डीएपीची ५० किलोची, त्यामुळे सगळ्या बॅगा सारख्या धरून हिशेब केला की फरक पडतो. आणि २०:२०:०:१३ मधल्या त्या दोन-दोन टिंबांना हात लावू नका, ती नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधकाची टक्केवारी आहे, तिथे स्वल्पविराम दिला तर दुकानदाराला चार वेगळे आकडे वाटतील. शेवटच्या वस्तूच्या आधी ‘आणि’ लिहायचं असेल तर खुशाल लिहा, फक्त त्याच्या आधीचा अर्धविराम तसाच राहू द्या.

प्रश्न : सर, मी एमपीएससीची तयारी करतो. आमच्या व्याकरणाच्या पुस्तकात अर्धविरामाबद्दल एवढंच आहे की दोन छोटी वाक्यं उभयान्वयी अव्ययानं जोडली असली की अर्धविराम देतात. यादीचं काहीच नाही. लायब्ररीत एकानं सांगितलं की यादीत अर्धविराम ही इंग्रजीची पद्धत आहे, मराठीत चालत नाही. खरं काय?
— एक विद्यार्थी, मंगरूळपीर, जि. वाशिम

उत्तर : पुस्तकातलं बरोबर आहे आणि परीक्षेत तेच लिहायचं. ‘पऱ्हाटी चांगली आली; पण वेचायला मजूर मिळत नाहीत.’ हे त्याचं उदाहरण. पण मराठीत यादीत अर्धविराम चालत नाही हे मात्र खरं नाही, आणि त्याचा पुरावा तुझ्या घरातच असेल. लहान भावाचं किंवा बहिणीचं बालभारतीचं कुठलंही पुस्तक घे, सुरुवातीच्या पानांत संविधानाची उद्देशिका छापलेली असते. आपण ती शाळेत इतक्यांदा म्हटलीय की पाठ आहे, पण म्हणताना चिन्हं दिसत नाहीत. आता फक्त चिन्हांसाठी वाच.

‘सामाजिक, आर्थिक व राजनैतिक न्याय; विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य; दर्जाची व संधीची समानता;’ असं आहे ते. न्याय, स्वातंत्र्य, समानता या मोठ्या गोष्टी अर्धविरामानं वेगळ्या केल्या आहेत, आणि न्याय कोणकोणता, स्वातंत्र्य कशाकशाचं, ही आतली यादी स्वल्पविराम आणि ‘व’ वापरून केली आहे. दोन थर, दोन चिन्हं. आता अर्धविराम काढून तिथे स्वल्पविराम टाकून बघ : ‘सामाजिक, आर्थिक व राजनैतिक न्याय, विचार, अभिव्यक्ती, विश्वास’. लगेच न्याय, विचार, अभिव्यक्ती हे एका रांगेतले शब्द वाटायला लागतात, विचार हा न्यायाचा शेजारी होऊन जातो आणि स्वातंत्र्याशी त्याचं नातं तुटतं. एका चिन्हानं एवढा फरक पडतो, आणि तो आपल्या देशाच्या सगळ्यात महत्त्वाच्या कागदावर पडतो, म्हणून मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं. आपल्या विदर्भात तर उद्देशिकेचं वाचन गावोगावच्या कार्यक्रमात होतं, पुढच्या वेळी वाचायला उभा राहिलास तर अर्धविरामापाशी स्वल्पविरामापेक्षा थोडं जास्त थांब, ऐकणाऱ्यालाही ते तीन भाग वेगळे कळतील.

इंग्रजीची पद्धत म्हणशील तर सगळीच विरामचिन्हं बाहेरून आली आहेत बाबा, मग एकट्या अर्धविरामालाच का परका म्हणायचं. जुने मोडी कागद बघ, शिरोरेषा एका दमात ओढून अक्षरं त्याखाली लिहीत जायचे, शब्द सुद्धा वेगळे करत नव्हते, मग स्वल्पविराम कुठला. कवितेत, पोथ्यांत दंड यायचा तेवढाच. छापखाने आले, शाळेची पुस्तकं निघाली तेव्हा ही चिन्हं मराठीत रुजली, मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली ती याच कामासाठी. आणि खुद्द अर्धविराम छापखान्यात आला तो इटलीत, व्हेनिसला आल्डस मानुटियस या मुद्रकाकडे, १४९० च्या दशकात. तिथून इंग्रजीत गेला, तिथून आपल्याकडे आला. दीडशे वर्षांहून जास्त काळ आपण तो वापरतोय, म्हणजे तो आता आपलाच झाला.

वाक्यातला अर्धविराम आणि यादीतला अर्धविराम हे दोन वेगळे नियम म्हणून पाठ करू नको. दोन्हीकडे तो एकच सांगतो, की इथे स्वल्पविरामापेक्षा मोठा थांबा आहे पण गोष्ट अजून संपली नाही.

प्रश्न : मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. सप्ताहाची पत्रिका मीच टाइप केली. त्यात ‘कारंजा, वाशिम, आर्वी, वर्धा, कळंब, यवतमाळ येथील भजनी मंडळे’ असं टाकलं. मंडळं तीनच येणार होती, पण स्वयंपाकवाल्यांनी सहा मंडळांचा अंदाज धरला. पत्रिकेत काय करायला पाहिजे होतं?
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, आपल्याकडे ही अडचण जरा जास्तच येते कारण वाशिम, वर्धा, यवतमाळ ही शहरं पण आहेत आणि जिल्हे पण. वाचणाऱ्यानं सहा गावं मोजली तर त्याला दोष देता येत नाही. असं लिहा :

कारंजा लाड, जि. वाशिम; आर्वी, जि. वर्धा; कळंब, जि. यवतमाळ येथील भजनी मंडळे.

इथे ‘जि.’ आणि अर्धविराम दोघं मिळून काम करतात. नुसता अर्धविराम दिला असता तरी तीन कळली असती, पण ‘जि.’ असलेलं बरं, कारण कारंजा सुद्धा दोन आहेत ना. एक वाशिम जिल्ह्यातलं कारंजा लाड आणि एक वर्धा जिल्ह्यातलं कारंजा घाडगे, दोन्ही तालुक्याची गावं. कळंबही दोन, एक आपलं यवतमाळचं आणि एक तिकडे धाराशिव जिल्ह्यातलं. पत्रिकेत जागा कमी असली तर दुसरा रस्ता आहे, जिल्हा कंसात टाका, आर्वी (वर्धा), कळंब (यवतमाळ), मग आत स्वल्पविराम राहत नाही आणि बाहेर साध्या स्वल्पविरामानं भागतं. मला स्वतःला पत्रिकेसाठी कंसच आवडतो, वाचायला सोपा जातो. पण इतिवृत्तात, ठरावात अर्धविरामच चांगला दिसतो.

इतिवृत्ताचं निघालंच आहे तर सांगतो, कारण तुमच्याकडे ते काम रोजचं आहे. हजर लोकांची नावं पदासकट लिहिताना नाव, पद; नाव, पद; असंच लिहा. सगळीकडे स्वल्पविराम दिला तर एका माणसाचे दोन होतात, विशेषतः जिथे ‘सदस्य’, ‘अंगणवाडी सेविका’, ‘पोलीस पाटील’ असं नुसतं पद एखाद्या ठिकाणी नावाशिवाय आलेलं असतं. सभेची गणपूर्ती झाली की नाही यावर पुढे वाद निघाला तर तोच कागद उघडला जातो, आणि तेव्हा टाइप करणाराच सगळ्यांना आठवतो.

प्रश्न : लेकीच्या लग्नाची यादी आचाऱ्यानं तोंडी सांगितली, मी लिहून घेतली. आलू, वांगे, सांबार, हिरवी मिरची, तूरडाळ, बेसन, तेल, गंज, झारे, पराती असं सगळं. नातू म्हणतो आजी, मधात अर्धविराम द्यायला पाहिजे. द्यायचा का हो?
— एक आजी, चिखली तालुका, जि. बुलडाणा

उत्तर : नाही आजी, काही गरज नाही. एकेक शब्दाची यादी आहे, आत कुठे स्वल्पविराम नाही, तुमचं अगदी बरोबर आहे. नातवाला सांगा, प्रत्येक यादीत अर्धविराम टाकत सुटलं तर जिथे त्याची खरी गरज आहे तिथे तो दिसेनासा होतो. हां, त्याला गट पाडून द्यायचे असतील, म्हणजे बाजारातून काय, किराण्यातून काय आणि मांडववाल्याकडून काय, तर मात्र असं लिहायला सांगा : भाजी : आलू, वांगे, सांबार, हिरवी मिरची; किराणा : तूरडाळ, बेसन, तेल; भांडी : गंज, झारे, पराती. तीन माणसांना तीन कामं वाटून देता येतात. आणि एकाखाली एक ओळ लिहिली असेल तर ओळीच्या शेवटी कुठलंच चिन्ह नको, ओळ बदलली हेच पुरे.

प्रश्न : ‘यादी खालीलप्रमाणेः’ असं टाइप केलं तर चालतं का? मोबाईलवर ते पटकन सापडतं.
— एक शिक्षक, मूल तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : सर, तो विसर्ग आहे. यादीच्या आधी अपूर्णविराम पाहिजे, म्हणजे चिन्हांच्या पानातली दोन टिंबं. दिसायला सारखे दिसतात पण विसर्ग अक्षराला चिकटतो आणि त्याचा उच्चार असतो, ‘अंतःकरण’, ‘दुःख’ मधला. मुलं मोठ्यानं वाचायला लागली तर ‘प्रमाणेह’ वाचतील. अर्धविरामाच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवा, तो आधीच्या शब्दाला चिकटून आणि नंतर एक जागा सोडून. उलटं केलं तर ओळ संपताना तो एकटाच खालच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतो.

प्रश्न : मंदिराच्या जीर्णोद्धाराचा जमाखर्च फळ्यावर लिहिला, ‘वर्गणी आली रु. १,२०,०००, ४५,५००, ८,०००’. लोकांना आकडे समजत नाहीत.
— एक वाचक, वरुड तालुका, जि. अमरावती

उत्तर : आकड्याच्या पोटातच स्वल्पविराम आहे, लाख-हजारांचा. म्हणून आकड्यांच्या मधात अर्धविराम : रु. १,२०,०००; रु. ४५,५००; रु. ८,०००. प्रत्येकाला ‘रु.’ लावला तर आणखी चांगलं. पण फळा आहे ना, मग एकाखाली एक लिहा आणि खाली बेरीज मारा, लोकांचा जास्त विश्वास बसतो.

प्रश्न : विहिरीच्या योजनेसाठी अर्ज करायला गेलो. गावात एका सूचनेवर लिहून होतं, ‘आधार कार्ड किंवा मतदार ओळखपत्र, सातबारा, आठ-अ, बँक पासबुकची झेरॉक्स जोडावी’. मी समजलो यातलं कोणतंही एक चालते. आधार घेऊन गेलो तर परत पाठवलं. दिवस गेला, रोजी बुडाली.
— एक कास्तकार, मानोरा तालुका, जि. वाशिम

उत्तर : काका, तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या वाक्यात ‘किंवा’ कुठपर्यंत चालतो हे लिहिणाऱ्यानं दाखवलंच नाही, आणि त्याची किंमत तुम्हाला मोजावी लागली. सूचना लिहिणारे कोणी हे वाचत असतील तर त्यांना कळकळीची विनंती आहे, अशी लिहा : आधार कार्ड किंवा मतदार ओळखपत्र; सातबारा व आठ-अ; आणि बँक पासबुकची झेरॉक्स. आता ‘किंवा’ पहिल्या तुकड्याच्या बाहेर जात नाही, तीन गोष्टी लागतात आणि पहिलीत तेवढी निवड आहे हे शाळा सोडून चाळीस वर्षं झालेल्या माणसालाही कळतं.

आणि तुमच्यासाठी वाचायची एक खूण सांगतो, ही पुढे कामाला येईल. कायद्यात, नियमांत, योजनेच्या अटींत (क), (ख), (ग) असे तुकडे करून प्रत्येकाच्या शेवटी अर्धविराम दिलेला असतो. अशी यादी दिसली की आधी शेवटून दुसऱ्या तुकड्याच्या टोकाला बघायचं, तिथे अर्धविरामानंतर ‘आणि’ आहे की ‘किंवा’. ‘आणि’ असलं तर सगळ्याच अटी पुऱ्या कराव्या लागतात, ‘किंवा’ असलं तर त्यातली एक पुरी झाली तरी चालतं. तो शब्द एकदाच येतो पण वरच्या सगळ्या तुकड्यांना लागू असतो. बरेच जण पहिल्या दोन अटी वाचून आपण बसत नाही म्हणून कागद ठेवून देतात आणि खाली ‘किंवा’ असतो.

जिथे असं काहीच स्पष्ट नाही तिथे जाण्याआधी फोन करून किंवा गावातल्याच कोणाकडून विचारून घ्या की यातलं सगळं लागते की एक, आणि जे सांगतील ते त्या सूचनेच्या झेरॉक्सवर पेनानं लिहून ठेवा, तारीख टाकून.